रेझिनचे सर्व्हिंग बोर्ड: फोटो काढून झाल्यावर पुढे काय होतं?

सिलिकॉनच्या साच्यात एपॉक्सी रेझिन (हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की कडक होणारा द्रव) ओतून केलेले ट्रे, बोर्ड, कोस्टर आता संक्रांतीच्या वाणात येतात, रुखवतात मांडलेले दिसतात. निळ्या लाटा, सोनेरी कड, मधे फुलं. ओतण्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. वर्षभर वापरल्यावर त्या बोर्डाचं काय झालं हे कुणी सांगत नाही. ते इथे लिहा. करणाऱ्यांनी लिहा, भेट मिळालेल्यांनीही लिहा. आपल्या मालाची जाहिरात तेवढी नको.

डोंबिवली

मी ऑर्डरी घेते. दिवाळीचं काम गणपतीच्या आधीच सुरू होतं, म्हणजे ऐन पावसात, आणि रेझिनला दमट हवा सोसत नाही. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होते आणि वर मेणचट, पांढुरका थर धरतो. कोमट पाण्याने आणि स्पंजने तो निघतो. पण वरून दुसरा हात द्यायचा असेल तर आधी तो धुवायलाच हवा, नाहीतर वरचं रेझिन धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माझा एसी ड्राय मोडवर आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ७० च्या वर गेला की मी ओतत नाही, सरळ पुढची तारीख देते.

साचा आतून जितका चकचकीत तितकाच बोर्ड चकचकीत. मॅट साच्यातून मॅट. ओतण्याआधी चिकटपट्टीने धूळ टिपून घ्या, केसाचा तुकडासुद्धा आत कायमचा दिसतो. मोठ्या साच्याखाली प्लायवूड आधीच ठेवा आणि स्पिरिट लेव्हल लावून बघा, भरलेला साचा नंतर हलवता येत नाही. बुडबुड्यांना हीट गन, तीही फिरती. ज्योतीचा टॉर्च साच्याच्या कडा खातो.

२४ तासांनी बोर्ड निघतो खरा, पण अजून लवचीक असतो. भिंतीला टेकवला की वाकला. तो सपाट जागेवरच ठेवायचा. पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागतो. गिऱ्हाइकाला तो आठवडा पटत नाही. "ताई, कडक तर झालाय की!" यावर मी फक्त हसते आणि बोर्ड देत नाही.

सातारा

मला सुनेच्या मैत्रिणीने दिला. हळदीकुंकवाला त्यावर तिळगूळ ठेवला, बायका हात लावून लावून बघत होत्या. चारच दिवसांत आमच्या ह्यांनी उकळत्या चहाचा पेला थेट त्यावर टेकवला. गोल वळ उमटला तो उमटलाच. सून म्हणते, खाली कोस्टर ठेवायचा. म्हणजे ट्रेवर कोस्टर! आता त्यावर बदाम-मनुका तेवढे असतात. आणि कुणी विचारायच्या आधी सांगते: लोणच्याचा थेंब रात्रभर राहिला तर पांढऱ्या भागावर पिवळी झाक राहते. घासणीने घासू नका, चकाकी जाते आणि डाग राहतोच.

पुणे

साताऱ्याच्या काकूंना: पेल्याचा दोष नाही. साधं एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतं, आणि ताजा चहा त्याहून बराच गरम असतो.

मी लाकूड आणि रेझिन मिळून करतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये आंबा, बाभूळ, सागाचे तुकडे मिळतात. लाकूड नीट सुकलेलं हवं, ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत. तुकडा साच्यात बसवण्याआधी त्याला रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवतो. नाहीतर लाकडातली हवा तासन्‌तास बुडबुडे सोडत राहते. साग तेलकट, तो आधी पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसायचा. सुरी चालवायची ती लाकडाच्या बाजूला. रेझिनवर चरे पडतात आणि त्याचे कण पोटात जातात. डब्यावर 'फूड सेफ' लिहिलेलं असतं ते बरोबर प्रमाणात मिसळून पूर्ण कडक झालेल्या रेझिनबद्दल, आणि तेही सुरीसाठी नव्हे.

रेझिन-हार्डनरच्या प्रमाणाचं म्हणाल तर २:१ हे मापाने की वजनाने, हे आधी वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एक नसतात. लवकर व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर बोर्ड लवकर होत नाही, चिकट राहतो. आणि मिसळलेलं रेझिन पेल्यात तसंच ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. एका जागी साठलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूरसुद्धा येतो.

नाशिक

आम्ही दोघी मिळून करायचो. मैत्रिणीच्या मनगटावर आणि पापण्यांवर पुरळ आलं. त्वचेच्या डॉक्टरांनी एपॉक्सीची अॅलर्जी सांगितली आणि ती एकदा झाली की सहसा जात नाही, हेही. आता ती खोलीत आली तरी डोळे खाजतात. हातमोजे नायट्राइलचे घ्या. हाताला लागलं तर साबण-पाणी, थिनर अजिबात नाही. एन-९५ मास्क घासताना उडणाऱ्या धुळीला अडवतो, वाफेला नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. "वास येत नाही म्हणजे निर्धोक" असं विकणारे बिनधास्त सांगतात, त्यावर जाऊ नका.

एडमंटन (कॅनडा)

इथे उलटी तऱ्हा. गॅरेजमधली रेझिनची बाटली थंडीत धुरकट झाली, तळाशी दाणे. मध थिजतो तसं. फेकू नका, झाकण घट्ट लावून बाटली गरम पाण्यात ठेवली की पुन्हा पारदर्शक होते. हार्डनर तापवायची गरज नाही.

कुडाळ

आमच्याकडे फणसाचे पाट आहेत, आजोबांच्या वेळचे. त्यावर गरम पातेलंही चालतं. एवढंच.

कोल्हापूर

मी वरमाला जतन करून देते, त्याच फुलांचे ट्रेही करते. ओली पाकळी रेझिनमध्ये तपकिरी पडते, म्हणून आधी सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) पूर्ण सुकवायची. जाड साचा थराथराने भरायचा, नाहीतर आतल्या उष्णतेने फुलं भाजतात. झेंडू रंग चांगला धरतो, लाल गुलाब काळपट होतो. निशिगंधाचा हार आणणाऱ्यांना आगाऊ रक्कम घेण्याआधीच सांगते: पांढरा राहणार नाही, बदामी होईल, आणि खिडकीत ठेवलात तर उन्हाने रेझिनही पिवळं पडेल. निम्मे परत जातात. उरलेल्यांची तक्रार येत नाही.