फाशीच्या निवेदनावर सही मागायला पोरं आल्यात, करू का नको?

गिरणवाला_सुळगा:

नमस्कार मंडळी. सुळग्याजवळ माझी पिठाची गिरण आहे. परवा दिवेलागणीला गल्लीतली पाच-सहा पोरं आली. हातात पॅड, त्याला निवेदन अडकवलेलं. डीसी साहेबांना (जिल्हाधिकाऱ्यांना) द्यायचं, वर कन्नड, खाली मराठी. त्या मुलीच्या केसमधल्या आरोपीला फाशी द्या, एवढाच मजकूर. (कुठली केस ते इथं लिहीत नाही, अजून चार्जशीटसुद्धा झालेली नाही.) "काका, पयली सही तुमची," म्हणाली. माझीच पहिली का, ते त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

२००९ साली माझ्या चुलत भावाचा बांधावरून खून झाला. बांध किती, तर वीतभर. मारणारे शेजारच्या रानातले भाऊ. थोरल्याला आणि मधल्याला कोयता घेऊन पळताना चार जणांनी बघितलं. तिसऱ्याचं, धाकट्याचं नाव फिर्यादीत मी घातलं. आज स्पष्ट लिहितो, मी त्याला बघितलं नव्हतं. तिघं एका चुलीवर जेवतात म्हणजे तिघंही असणारच, एवढाच माझा हिशेब. तेव्हाही असंच निवेदन निघालं होतं, "तिघांनाही फाशी द्या", आणि त्यावर पहिली सही माझी.

निकालादिवशी न्यायाधीश कन्नडमध्ये वाचत होते. माझं कन्नड बाजारापुरतं. "गल्लु", म्हणजे फाशी, हा शब्द कधी येतो म्हणून कान देऊन बसलो होतो. तो आलाच नाही, "जीवावधि" आला. वकिलांनी सांगितलं, तिघांनाही जन्मठेप. मी चपला हातात घेऊन तसाच बाहेर पडलो, एवढा राग आला होता. पुढं २०१५ ला हायकोर्टानं धाकट्याला सोडलं. खुनाच्या दिवशी तो गोव्यात एका बेकरीत कामाला होता, मालकाच्या हजेरी वहीत त्याचं नाव होतं. पहिल्या कोर्टात ती वही कुणी आणलीच नव्हती. सहा वर्षं आत होता तो.

आता तो माझ्याच गिरणीत दळण आणतो, जवळ दुसरी गिरण नाही. डबा ठेवतो, बोलत नाही. पैसे माझ्या हातात देत नाही, काट्याच्या परातीत ठेवतो.

पोरांना म्हटलं, करंट गेलाय, उद्या या. पाठीमागं गिरण घरघरत होती. एक पोरगं हसलं पण.

तर विचारायचं ते असं. अशा निवेदनानं खरंच काही होतं का? आणि फाशी बंद करणार म्हणून अधूनमधून ऐकू येतं, ते कुठवर आलंय?

—

उचगावची_सून:

दादा, राग मानू नका, पण तुमच्या घरचं भांडणातून झालेलं आणि हे पोरीला ओढून नेलेलं. दोन्ही एका तराजूत घालू नका. मला दोन मुली आहेत, बसनं बेळगावला कॉलेजला जातात. परत येईस्तोवर माझं लक्ष फाट्याकडं असतं. मी सही केली, माझ्या सासूनं अंगठा दिला. असल्याला हिंडलग्याच्या जेलात बसवून आमच्या पैशानं भात-सांबार घालायचं काय?

—

धारवाडचा_काळाकोट:

गिरणवाले, दुसरा प्रश्न मोठा आहे, पहिल्याचं उत्तर आधी देतो. निवेदनानं फाशी होत नाही. डीसींच्या हातात ते नाही, ते फार तर वर पाठवतील. फाशी द्यायची तर सेशन्स जजला खास कारणं लिहावी लागतात, १९७३ च्या फौजदारी संहितेपासून. त्याआधी, १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत, खुनाला फाशी हाच रिवाज होता, जन्मठेप का दिली त्याची कारणं द्यावी लागत. १९८० च्या बच्चन सिंग निकालानं 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच, हे घालून दिलं. शिवाय सेशन्सनं दिलेली फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. बेळगावची असेल तर फाइल आमच्या धारवाडच्या खंडपीठाकडं येते.

आता बंद होण्याचं. १९६७ साली विधी आयोग म्हणाला, ठेवा. २०१५ साली न्या. ए. पी. शहा अध्यक्ष असताना त्याच आयोगानं २६२ व्या अहवालात सांगितलं, दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी सगळ्याला फाशी रद्द करा. सरकारनं ते घेतलं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत फाशी आहेच, उलट जमावानं केलेल्या खुनाची वेगळी तरतूद करून तिथंही ठेवली. त्यामुळं संसदेतून रद्द होईल अशी वाट बघू नका.

जे बदललं ते कोर्टातून. १९८३ मध्ये दंड संहितेचं कलम ३०३ गेलं. जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर फाशी सक्तीची होती, ती संपली. २०१४ पासून फाशीची फेरविचार याचिका तीन न्यायाधीश उघड्या कोर्टात ऐकतात. आधी ती चेंबरमध्येच निकालात निघायची. २०२२ च्या मनोज निकालानं तर सरकारलाच सांगितलं, फाशी मागताय तर आरोपीचा मानसिक अहवाल, तुरुंगातली वागणूक, घरची परिस्थिती कोर्टापुढं आणा. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्याकडं शिक्षेवरचा युक्तिवाद म्हणजे "साहेब, आरोपी गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे" एवढी दोन वाक्यं. तीही निकालाच्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी.

उचगावच्या ताई, तुमची भीती खरी आहे, मलाही मुलगी आहे. पण गिरणवाल्यांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. त्यांनी फसवायला म्हणून नाव घातलं नव्हतं.

—

हिंडलगा_फाटा:

आमच्या घरापासून जेल चालत दहा मिनिटं. इथं शेवटची फाशी १९८३ ला झाली. पण २०१३ चा फेब्रुवारी विसरणार नाही. वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले आणि वेंगुर्ला रोडवर टीव्हीवाल्यांच्या गाड्याच गाड्या. चहावाल्याचं दूध सकाळी नवालाच संपायचं. जो तो विचारायचा, उद्या का परवा? एक कॅमेरावाला मला म्हणाला, अंकल, दोर कुठून येतो माहीत आहे का? मी म्हटलं, बाबा, मी रेशन दुकानात काट्यावर असतो, मला काय विचारतोस.

त्या चौघांची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की, १९९३ च्या पालार स्फोटात त्यांना म्हैसूरच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टानं जन्मठेप दिली होती. सुप्रीम कोर्टात गेले आणि २००४ ला तिथं फाशीची शिक्षा झाली. पुढं नऊ वर्षं दयेचा अर्ज पडून. शेवटी २१ जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टानं असल्या पंधरा जणांची फाशी एकदम जन्मठेपेवर आणली, त्यात हे चौघे. एवढा उशीर म्हणजेच एक शिक्षा, म्हणाले. अर्ज फेटाळल्यावर चौदा दिवस तरी द्यायलाच पाहिजेत, हेही त्याच निकालातलं.

—

निपाणीचा_तंबाखूवाला:

हेच मला खटकतं. सरकारनं फाइल दाबून ठेवायची आणि त्याचा फायदा गुन्हेगाराला. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी घ्या, लहान पोरं पळवून मारणाऱ्या. निपाणीहून कोल्हापूर किती लांब? त्या काळात आमच्या आईनं मला जत्रेत हात सोडू दिला नाही, मनगटावर वळ उठायचे. २००१ ला फाशीची शिक्षा, २००६ ला सुप्रीम कोर्टात कायम, २०१४ ला दया नाही. आणि जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टानं उशीर झाला म्हणून जन्मठेप केली. गेलेल्या लेकरांच्या आयांना कुणी विचारलं? फाशी नको तर नको म्हणा, कायदा करा. असं मागच्या दारानं कशाला?

—

धारवाडचा_काळाकोट:

मागच्या दारानं, हे तुमचं बरोबर आहे, वाद घालत नाही. म्हणून तर १९७३ च्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाला मुदती घातल्यात. वरच्या कोर्टातलं सगळं संपल्याचं तुरुंगातून कळवलं की तीस दिवसांत राज्यपालांकडं अर्ज, त्यांनी फेटाळला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडं. पण घाई केली की दुसरी चूक होते. महाराष्ट्रातली अंकुश शिंदे केस बघा. नाशिकजवळच्या खून-दरोड्यात भटक्या जमातीतली सहा माणसं. २००९ ला सुप्रीम कोर्टानं तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली, म्हणजे सहाही जण फाशीचे. २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या साक्षीदारानं आधी पोलिसांकडच्या फोटोंतून ओळखलेले चौघे भलतेच होते. त्यांचा तपासच झाला नव्हता.

आणि फाशीच्या कोठडीत कोण असतं? दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या २०१६ च्या अहवालात चारांतले जवळजवळ तीन गरीब घरचे. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की फाशी रद्दच करणं मला पसंत आहे. तेव्हापासून हे चाललंय.

—

हिंडलगा_फाटा:

आणि त्या बेंगळुरूच्या केसमधल्या माजी पोलिसाचं? तोही इथंच होता.

—

धारवाडचा_काळाकोट:

हो, बी. ए. उमेश. गुन्हा भयंकरच. पण दयेचा अर्ज निकाली निघण्याआधीपासून त्याला एकट्याला कोंडून ठेवलं होतं, सुमारे दहा वर्षं, तेही कायद्यात बसत नसताना. म्हणून नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं फाशी काढून किमान तीस वर्षं कैद दिली. लोकांना वाटतं तसं तो सुटून बाहेर फिरत नाही. फाशी आणि चौदा वर्षांनी सुटता येणारी जन्मठेप यांच्या मधली ही जी शिक्षा आहे ना, तीही कर्नाटकाच्याच केसमधून आली, २००८ चा श्रद्धानंद निकाल. हे लोकांना कुणी सांगत नाही. सांगितलं तर निम्मी निवेदनं निघणार नाहीत, असं माझं मत.

—

उचगावची_सून:

तीस वर्षं खरंच तीस असतील तर मग विचार करीन. मला वाटायचं सगळे चौदा वर्षांनी सुटतात. सही मात्र मागं घेणार नाही.

—

गिरणवाला_सुळगा:

सगळ्यांचे आभार. पोरं काल परत आली. मी विचारलं, तुमच्यातल्या कुणी बघितलंय? कुणीच नाही. मग म्हटलं, "फाशी" च्या जागी "तपास नीट करा, साक्षीदारांना जपा, केस लवकर चालवा" असं लिहा, सही करतो. एकजण म्हणाला, काका, शंभर झेरॉक्स काढून झाल्यात. शेवटी माझ्यापुढच्या एका कागदावर मीच पेनानं खोडलं, वर लिहिलं, खाली सही केली. तो कागद डीसी ऑफिसात गेला का वाटेत कुणाच्या खिशात राहिला, ठाऊक नाही. आज गल्लीतली दोन घरं दळण घेऊन शिनोळीच्या बाजूला गेलेली दिसली.

धाकटा आज आला नाही, त्याची बायको आली. तांदूळ होते पाच किलो. बारीक काढू का, विचारलं. भाकरीला पाहिजेत, म्हणाली. पैसे हातात दिले. तिला कागदाचं कळलं असेल, असं मला वाटत नाही.