वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : सातारा-सांगलीकडचे अनुभव

येत्या आषाढात माझ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेला चार वर्षे पूर्ण होतील. तेव्हा माझे वजन ११८ किलो होते, आज ७९ आहे. भेटणारा प्रत्येक जण हे दोन आकडे विचारतो आणि मीही ते सांगते. पण त्या दोन आकड्यांच्या मधल्या काळात काय घडले, हे विचारणारे आणि सांगणारे आपल्याकडे फार थोडे आहेत. शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे त्या काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूकही फारशी लागत नाही. एवढे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावले होते. पाहुण्याच्या पानात दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय जिथे कोणाला चैन पडत नाही, अशा घरात हे पोट घेऊन कसे राहायचे, ते मात्र मला कोणीच सांगितले नव्हते.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. पहिले पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे होते. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारा मापाचा छोटा पेला मी धुऊन ठेवला होता. त्यात ३० मिलिलिटर मुगाच्या डाळीचे गाळलेले पाणी घ्यायचे, ते घोट-घोट करत पंधरा मिनिटे पुरवायचे आणि मग पुन्हा पेला भरायचा. सासूबाई समोर बसून हे पाहत आणि पदराने डोळे पुसत. आपल्या हातचे अन्न सून नाकारते आहे, एवढेच त्यांना दिसत होते, आणि त्यांना समजावण्याचे त्राण तेव्हा माझ्यात नव्हते. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा ‘हे असलं कशाला केलंस’ असे त्या पहिल्यांदा उघड बोलल्या. वजन झपाट्याने उतरले की तीन ते सहा महिन्यांनी केस गळतात आणि पुढे बहुधा पुन्हा येतात, हे आधी ठाऊक असते, तर आम्ही दोघीही इतक्या घाबरलो नसतो.

म्हणूनच सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या ओळखीच्या मंडळींना मी आपापला अनुभव लिहून देण्याची विनंती केली. किती किलो उतरले हे लिहिले नाही तरी चालेल. घरात, कामावर आणि मनात काय घडले, ते लिहावे, एवढेच मी सुचवले होते. कोणाचेही नाव दिलेले नाही.

सातारा, एसटीतून निवृत्त झालेले चालक, वय ५९

माझी बायपास झाली आहे. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अकरा वर्षे इन्सुलिन घेत होतो, ते शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच डॉक्टरांनी बंद केले, त्यामुळे मी स्वतःला पूर्ण बरा झालो असे समजू लागलो. चौथ्या महिन्यात पुतण्याचा साखरपुडा होता. थोरल्या वहिनींनी माझ्या हातावर दोन कंदी पेढे ठेवले. साताऱ्याच्या माणसाने पेढा परत द्यायचा, हे मला जमले नाही. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, सदरा घामाने भिजला, पोटात मुरडा आला आणि मी मांडवामागच्या सतरंजीवर आडवा झालो. सगळ्यांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. नंतर समजले की याला डम्पिंग म्हणतात. साखर पोटात न थांबता एकदम आतड्यात उतरते, आतडे शरीरातले पाणी ओढून घेते आणि हा सारा प्रकार होतो. वहिनी अजूनही त्या दिवसाबद्दल स्वतःला दोष देतात आणि त्याचे मला पेढ्याहून अधिक वाईट वाटते.

नोकरीची शेवटची दोन वर्षे कठीण गेली. गाडी जेवणासाठी वीस मिनिटे थांबते. मला घास बारीक चावून खायला अर्धा तास लागतो. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही, आणि उन्हाळ्यात इंजिनाच्या शेजारी बसून गाडी हाकायची. शेवटी मी डब्यात दोन उकडलेली अंडी आणि घट्ट दही नेऊ लागलो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी थोडे-थोडे खाऊ लागलो.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती चूक पूर्णपणे माझी होती. गुडघा दुखत होता म्हणून मी औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनाभर खाल्ल्या. बायपास झालेल्या माणसाने त्या जातीच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. आतडे जोडलेल्या ठिकाणी जखम होते. शौचाला काळे होऊ लागले, तेव्हा दुर्बिणीने तपासून ती जखम सापडली. कोणत्याही दवाखान्यात गेलात, तरी आपली बायपास झाली आहे, हे आधी सांगा.

कराड, बँक कर्मचारी, वय ४१

मी फक्त पैशांबद्दल लिहिते. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयरोग किंवा झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार असेल आणि वजन उतरवण्याचे इतर उपाय फसले असतील, तर ही शस्त्रक्रिया विम्यात धरता येते. माझा दावा पहिल्यांदा नामंजूर झाला, कारण आधीच्या उपायांचे कागद मी जपून ठेवले नव्हते. आहारतज्ज्ञांची प्रत्येक चिठ्ठी, वजनाची प्रत्येक नोंद फाइलला लावून ठेवावी. शस्त्रक्रियेनंतर पोटावर आणि दंडांवर कातडी लोंबते. ती काढण्याचा खर्च सौंदर्योपचारात धरून विमा बहुधा नाकारला जातो. पावसाळ्यात माझ्या पोटाच्या घडीखाली ओल राहून चट्टे उठतात. मला तरी त्यात सौंदर्याचा प्रश्न कुठे दिसत नाही.

मिरज, एका रुग्णाचे पती, वय ४६

शस्त्रक्रिया पत्नीची झाली, परंतु तिच्या परवानगीने मी लिहितो आहे, कारण त्यातले काही दिवस तिला आठवत नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या. शस्त्रक्रिया झाली त्या पुण्याच्या रुग्णालयात फोन केला, तेव्हा सावकाश खायला सांगण्यात आले. घरी सर्वांचे मत पडले की एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस त्रास होणारच. उलट्या थांबेनात, म्हणून मी तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचे सलाईन लावून आणत असे. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन, हे ठरलेलेच आहे, आणि लावल्यावर तिला दोन तास बरे वाटल्यासारखे व्हायचे. असे तीन वेळा केले.

चौथ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघराकडे जाताना भिंत धरून चालू लागली. पायांना मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते, असे ती म्हणाली. दुपारपर्यंत तिची नजर स्थिर राहीना आणि धाकट्या मुलीला ती थोरलीच्या नावाने हाक मारू लागली. आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘उलट्या किती दिवसांपासून आहेत?’ आणि उत्तर ऐकताच शिरेतून थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, सुरू केले. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. उलट्या होत राहिल्या की तो संपतो, आणि अशा अवस्थेत थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर ते पचवण्यात उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. ज्या सलाईनने ती बरी होईल असे मला वाटत होते, त्यानेच तिची अवस्था बिघडत होती. त्या दवाखान्यातही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आता दीड वर्ष झाले. ती चालते, स्कूटर चालवते, शिवणाची कामे घेते. पायाच्या बोटांना मात्र अजून बधिरपणा आहे. सुई खाली पडली, तर पायाला ती कळत नाही, म्हणून यंत्रापाशी बसताना ती चप्पल घालते. बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मीच मोजून देतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नसते, म्हणून दोन वेगळ्या डब्या केल्या आहेत. या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. माझी कळकळीची विनंती आहे की उलट्या दोन-तीन दिवसांहून अधिक टिकल्या, तर घरात कोणाचेही मत विचारत बसू नये.

(हा मजकूर मी तीनदा वाचला. माझ्या वेळीही पाचव्या आठवड्यात चार दिवस उलट्या झाल्या होत्या आणि त्या आपोआप थांबल्या. इतके दिवस मी तो प्रसंग किरकोळ समजत होते.)

सांगली, विश्रामबाग, संगणक अभियंता, वय २९

मी शस्त्रक्रिया घरच्यांखेरीज कोणालाही सांगितली नाही. ऑफिसात पित्ताशयाचे ऑपरेशन असे सांगून रजा घेतली. पुढे आठव्या महिन्यात खरोखरच पित्ताशयात खडे झाले, कारण वजन वेगाने उतरताना ते होण्याची शक्यता वाढते आणि त्यासाठी दिलेल्या गोळ्या मी मध्येच सोडल्या होत्या. दुसऱ्यांदा तेच कारण कसे सांगणार? तेव्हा मी वरिष्ठांना सगळे खरे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रजा मंजूर केली. एवढ्या भीतीने इतके महिने लपवलेली गोष्ट दहा मिनिटांत सांगून झाली.

लग्नाचे मात्र अजून मनाला लागून आहे. तीन वर्षांपूर्वी ‘मुलगी अंगाने जास्त आहे’ असा निरोप धाडून ज्यांनी नकार दिला होता, त्याच घरून गेल्या दिवाळीत पुन्हा विचारणा आली. आई-बाबांना आनंद झाला. मी नाही म्हणाले, तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मी तीच आहे, माझे शिक्षण आणि माझा स्वभाव तोच आहे, हे त्यांना कसे समजावू? शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. त्याचाही अर्थ नातेवाइकांत ‘हिला मूल होणार नाही’ असा पसरला आहे. तो चुकीचा आहे, हे इथे स्पष्ट लिहावेसे वाटले.

तासगाव, द्राक्षबागायतदार, वय ५१

माझ्या स्लीव्हला सहा वर्षे झाली. पहिल्या दीड वर्षात ४४ किलो उतरले आणि त्यानंतरच्या काळात १९ किलो परत चढले. हे मी आजवर पत्नीलाही आकड्यात सांगितले नव्हते. भाकरी आणि मटण मला आजही थोडेच जाते. पण दुसऱ्या वर्षी बागेचे पैसे घेऊन व्यापारी पळाला आणि त्याच हिवाळ्यात वडील गेले. तेव्हापासून शेडवर बसलो की हात बेदाण्याच्या खोक्याकडे जातो. मूठभर तोंडात टाकायचे, तासाभराने पुन्हा मूठभर. बेदाणा पोटाला जड होत नाही, अडकत नाही, दुखत नाही. त्यामुळे आपण खातो आहोत, हे शरीर सांगतच नाही. पोट लहान केलेल्या माणसालाही दिवसभर चरता येते, हे मला आधी कोणी सांगितले असते, तरी तेव्हा पटले नसते.

तपासणीला जाणे मी लाजेने सोडले. दर सहा महिन्यांनी रुग्णालयातून फोन यायचा आणि मी तो उचलत नसे, कारण पहिल्या वर्षी त्यांनी नव्या रुग्णांसमोर माझे उदाहरण दिले होते. ज्याचे कौतुक झाले, त्याने वाढलेले वजन घेऊन काट्यावर कसे उभे राहायचे? या लेखासाठी लिहायचे कबूल केले आणि चार रात्री नुसता कोरा कागद समोर घेऊन बसलो. पाचव्या रात्री आधी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, ‘मला कपड्यांवरून दिसत होतंच की, तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते.’

परवा मी स्वतः फोन केला. पलीकडच्या मुलीने वजन विचारले नाही. गोळ्या चालू आहेत का आणि झोप लागते का, एवढेच विचारले, आणि आहारतज्ज्ञांबरोबरच समुपदेशकांचीही वेळ दिली. येत्या गुरुवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे निघणार आहोत. जुनी फाइल माळ्यावरून काढली आहे. तिला वाळवी लागलेली नाही.