रेफ्रिजरेशन कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स: हाताला काम येतं, कागद कुठून आणू?

फ्लेअरनट

नमस्कार मंडळी. दहाएक वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कमर्शियल रेफ्रिजरेशनचं काम करतोय. कोल्ड रूम, डिस्प्ले कॅबिनेट, आइस मशीन, अधूनमधून एखादा छोटा चिलर. आता स्वतःच्या नावाने कामं घ्यायची आहेत. मशीनमधला थंड करणारा गॅस (रेफ्रिजरंट) हाताळायचं सर्टिफिकेट आहे, पण कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्सचा अर्ज उघडला आणि डोकंच गरगरलं. अनुभवाचा दाखला, ट्रेडचा पेपर, वर कायदा आणि व्यवसायाचा वेगळा पेपर, विमा, बाँड (काम बुडवलं तर भरपाईची हमी).

अडचण अशी की मालक अनुभवाच्या कागदावर सही करत नाही. मी बाहेर पडलो की त्याची गिऱ्हाइकं नेईन अशी त्याला भीती. आणि लेखी परीक्षेचं म्हणाल तर शाळा सुटल्यापासून पेन फक्त बिलावर चाललंय. एक निवृत्त कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, माझं लायसन्स वापर, महिन्याला थोडे पैसे दे. घ्यावं का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कॅपिलरी_किंग

भावा, सर्टिफिकेट आहे ना? मग कशाला एवढा व्याप. निवृत्त काकांचं लायसन्स घे आणि सुरू कर, नंतर सावकाश स्वतःचं काढ. सगळे असंच करतात.

सबकूल_ताई

सगळे असं करत नाहीत. जे करतात त्यांच्याकडे एकदा कॉम्प्रेसर फुटून विम्याचा माणूस आला की मग ते इथे येऊन विचारतात.

फ्लेअरनट, मी स्वतः लायसन्सवाली आहे आणि आमच्याकडच्या पोरांचे अर्जही मीच भरते, म्हणून जरा लांबण लावते. तू कुठल्या मुलखात आहेस ते लिहिलेलं नाहीस, त्यामुळे सगळीकडे जे लागतं त्यावरच बोलते. फी आणि फॉर्म तुझ्या तिथलं खातं सांगेल.

आधी एक नीट समजून घे. गॅसचं सर्टिफिकेट माणसाचं असतं, लायसन्स धंद्याचं. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टच्या कलम ६०८ चं सर्टिफिकेट घेतल्याशिवाय गॅसच्या सर्किटला हात लावता येत नाही, पण तेवढ्यावर कंत्राट घेता येतंच असं नाही. कॅलिफोर्नियात रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराचा वर्गच वेगळा आहे, सी-३८. युरोपात एफ-गॅसचा (फ्लोरिनवाल्या गॅसांचा) दाखला कारागिराला वेगळा आणि कंपनीला वेगळा. ऑस्ट्रेलियात गॅस हाताळायचं लायसन्स एक, आणि धंद्यासाठी गॅस विकत घ्यायची-विकायची परवानगी दुसरी. म्हणजे सरकार दोन निरनिराळे प्रश्न विचारतं: याला काम येतं का, आणि काम बिघडलं तर उद्या हा सापडेल का. तुझी तयारी पहिल्याची झालेली आहे.

आता मालकाची सही. ती नाही म्हणून अडून बसू नकोस. बऱ्याच ठिकाणी मालकच हवा असं नसतं, तुझं काम ज्याने डोळ्यांनी पाहिलंय असा माणूस चालतो. कॅलिफोर्नियाचंच बघ. तिथे मागच्या दहा वर्षांतली चार वर्षं पूर्ण कारागीर म्हणून काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि ते सांगणारा सहकारी कारागीर, दुसरा कंत्राटदार, युनियनचा माणूस, इमारत तपासणारा इन्स्पेक्टर यांपैकी कुणीही असू शकतो. तुझ्याबरोबर राबलेला, आता दुसरीकडे असलेला एखादा मिस्त्री गाठ.

मात्र दाखल्यात 'रेफ्रिजरेशनचं सर्व काम केले' असलं गुळमुळीत लिहून आणू नकोस, तो कागद परत येतो. लिही: अमुक कोल्ड रूम, उणे २० चा फ्रीझर, एवढ्या टनाचं कंडेन्सिंग युनिट, पाइपिंग मी केलं, प्रेशर टेस्ट मी केली, कमिशनिंगला (प्लांट पहिल्यांदा चालू करताना) सुपरहीट (वाफेचं उकळबिंदूच्या वरचं जादा तापमान) मी लावलं. पगाराच्या स्लिपा, जॉब शीट, कामाच्या तारखेचे फोटो जोड. हेल्परगिरीची वर्षं कारागिराच्या वर्षांत मिसळू नकोस, फोनवरून चौकशी झाली की तिथेच फाटतं.

निवृत्त काकांबद्दल: जिथे धंद्यासाठी 'पात्र व्यक्ती' नेमायची सोय आहे, तिथेही त्या व्यक्तीने कामावर प्रत्यक्ष देखरेख ठेवायची असते. काका रोज साइटवर येणार असतील, तर पगार देऊन खुशाल ठेव. घरी बसून नुसतं नाव देणार असतील तर लायसन्स त्यांचं जाईल आणि तुझ्या पहिल्या अर्जाआधीच तुझं नाव खात्याच्या फायलीत लागेल.

मायक्रॉन

ताईंनी कागदाचं सांगितलं, मी पेपरचं सांगतो. मी आधी शिकवायचो.

दहा वर्षं काम केलेला माणूस ट्रेडच्या पेपरात पडतो तो न येणाऱ्या गोष्टींमुळे नाही, हाताला लागलेल्या सवयींमुळे. व्हॅक्यूमचं (गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओल उपसण्याचं) उदाहरण घे. साइटवर पंप लावला, अर्धा तास चालवला, गेज शून्याखाली टेकलं, झालं. पेपरात घड्याळ विचारत नाहीत. ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं बारीक एकक) खाली गेलास, व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा केलास, आता आकडा चढायला लागला. चढून हजार-दोन हजारांच्या आसपास थांबला तर आत ओल आहे. थांबतच नाही, चढतोच आहे, तर लिकेज. हे मॅनिफोल्डच्या गेजवर दिसत नाही, मायक्रॉन गेजच लागतं, आणि तेही पंपाच्या तोंडाशी न लावता सिस्टिमच्या लांबच्या टोकाला.

दुसरी जागा म्हणजे ब्लेंड, म्हणजे मिश्रणाचे गॅस. आर-४०७सी च्या तक्त्यात एकाच प्रेशरला दोन तापमानं असतात, बबल (लिक्विड उकळायला लागतं ते) आणि ड्यू (शेवटच्या थेंबाची वाफ होते ते), आणि दोघांत साधारण ५-६ अंशांचा फरक. सबकूलिंग (लिक्विड उकळबिंदूच्या किती खाली थंड झालंय) बबलवरून काढायचं, सुपरहीट ड्यूवरून. उलटं केलंस तर काय होतं बघ: खरं सुपरहीट २ अंश असताना तुला ८ दिसतं, तू खुशीत एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणखी उघडतोस आणि लिक्विड थेट कॉम्प्रेसरकडे. प्रश्नपत्रिकेत चार पर्यायांत तो ८ हमखास छापलेला असतो. तुझ्यासारख्यांसाठीच!

सुरक्षेचे प्रश्न मात्र पाठच कर. रिकव्हरी सिलिंडर (मशीनमधून काढलेला गॅस साठवायचा) ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण लिक्विड तापून फुगलं की त्याला जागा लागते. प्रेशर टेस्ट कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजनची बारीक धार सोडायची, नाहीतर आत काळी खपली धरते आणि ती सुटून गाळणीत नाहीतर व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

फ्लेअरनट

ताई, मायक्रॉन सर, दोघांचे मनापासून आभार. काकांना नाही म्हणून कळवतो. सहकारी मिस्त्री आहे एक, तो लिहून देईल. व्यवसायाच्या पेपरात काय येतं? आणि नवीन गॅसांचं किती विचारतात? प्रोपेनची कॅबिनेटं मी हाताळली आहेत, कार्बन डायऑक्साइडच्या प्लांटला अजून हात लावलेला नाही.

सबकूल_ताई

व्यवसायाच्या पेपरात कंत्राटात काय लिहिलेलं असावं, आगाऊ रक्कम किती घेता येते, कामगाराला इजा झाली तर कुणाची जबाबदारी, बिल थकलं तर काय करता येतं, हे येतं. रटाळ आहे, पण पाठांतराने निघतं.

मी वेळ घालवेन तो गॅसच्या नोंदींवर. कंत्राटदार झालास की कुठल्या मशीनमध्ये किती किलो गेला, किती काढला, काढलेला कुठे दिला, हे सगळं तुझ्या वहीत लागतं. अमेरिकेत ठरावीक वजनाच्या वर गॅस असलेल्या कमर्शियल रेफ्रिजरेशनला वर्षाला २० टक्क्यांहून जास्त गळती निघाली की दुरुस्ती बंधनकारक होते. युरोपात एचएफसीच्या (आर-४०४ए सारख्या गॅसांच्या कुळाच्या) गळतीतपासणीचा हिशोब किलोत नाही, कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत, ५ टनांपासून सुरू. आर-४०४ए चा आकडा ३९२२ (कार्बन डायऑक्साइडच्या इतक्या पट तापवणारा), म्हणजे सव्वा किलोच्या थोडं वर गेलं की तुझं मशीन त्या नियमात आलं. केवढंसं कंडेन्सिंग युनिट असतं ते!

आणि एक पेपरात नसलेलं. जुन्या प्लांटचं काम घेताना कंत्राटात लिही की आधीपासून असलेली गळती सापडली तर तो गॅस आणि ती दुरुस्ती वेगळ्या बिलात. आमच्या एका गिऱ्हाइकाने याच वाक्याअभावी एका नवख्या कंत्राटदाराकडून अख्खा रिसीव्हर (प्लांटमधली लिक्विड गॅसची टाकी) फुकट भरून घेतला होता. पोरगा कामाला चांगला होता, बिचारा वर्षभर तो खड्डा भरत बसला.

मायक्रॉन

नवीन गॅसांचं विचारतात, आणि दरवर्षी जास्त. २०१६ च्या किगाली करारानंतर एचएफसी कमी करत न्यायचे ठरले, त्यामुळे अभ्यासक्रम त्याच दिशेने सरकतोय. प्रोपेन म्हणजे आर-२९०, वर्ग ए३, ज्वलनशील. कॅबिनेट उघडलंय म्हणतोस तर प्रत्यक्ष माहीत आहेच, पण खोलीच्या आकारमानाला किती चार्ज (भरलेला गॅस) चालतो हे आयएसओ ५१४९ किंवा ॲशरे १५ सारख्या मानकांत बघायची सवय लाव. पेपरात आकड्यापेक्षा तक्ता वाचता येतो का ते बघतात.

कार्बन डायऑक्साइडचं एक पक्कं धर: क्रांतिक तापमान जेमतेम ३१ अंश. बाहेर त्याहून गरम असलं की तो कंडेन्स होतच नाही, म्हणून कंडेन्सरच्या जागी गॅस कूलर म्हणतात. प्लांट बंद ठेवला आणि आतलं लिक्विड तापलं की प्रेशर किती चढतं, रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड कुठे काढायचं, दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये लिक्विड कोंडलं तर काय होईल, हे तीन प्रश्न कागदावर सोडवून आण. हवं तर इथेच टाक, तपासून देतो.

फ्लेअरनट

टाकतो सर. कोंडलेल्या लिक्विडचाच आधी घेतो, कारण आमच्या प्लांटवर दोन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर उघड-बंद होणाऱ्या) मध्ये रिलीफ का ठेवलाय ते आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.