भातखाचरातील युरिया वाहून जातो: ब्रिकेट वापरावी की गंधकाच्या आवरणाचा युरिया?

प्रश्न: खाचरवाला, राजापूर

नमस्कार. माझे वीस गुंठ्यांचे खाचर असून लावणीनंतर युरिया दोन हप्त्यांत फेकून देण्याची आमच्या घरची रीत आहे. गेल्या पावसाळ्यात दुसरा हप्ता दिला त्याच रात्री बांधावरून पाणी गेले आणि पीक काही दिवसांत पुन्हा पिवळे पडले. म्हणून या वर्षी सावकाश लागू होणारे खत वापरावे असा विचार आहे. दुकानदार गंधकाच्या आवरणाचा युरिया सुचवतात, तर शेजारी युरिया-डीएपी ब्रिकेटचा, म्हणजे युरिया आणि डीएपी खत एकत्र दाबून केलेल्या गोळ्यांचा, आग्रह धरतात. आता सगळाच युरिया निंबोळी आवरणाचा येतो, मग तो सावकाश का लागू होत नाही, हेही मला समजलेले नाही. घरची चार माणसे आणि दोन गडी एवढ्यावर जमेल तेच कृपया सांगावे.

उत्तर: मळेकरी, रोहा

निंबोळीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. निंबोळीतील घटक अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. युरिया विरघळण्याचा वेग त्यामुळे फारसा कमी होत नाही. खाचरातील उभ्या पाण्यात युरिया फेकला की थोड्याच दिवसांत त्याचा अमोनिया होतो, आणि दिवसा पाण्यातील शेवाळामुळे त्या पाण्याचा सामू (पीएच) वाढत असल्याने बराचसा अमोनिया वायुरूपाने उडून जातो. उरलेल्यापैकी काही भाग तुम्ही पाहिलेत तसा बांधावरून वाहून जातो. या दोन्ही नुकसानींवर निंबोळीकडे उपाय नाही.

ब्रिकेटवर कसलेही आवरण नसते. ती सावकाश लागू होते ती केवळ पुरली जाते म्हणून. चिखलात ७ ते १० सेंमी खोलवर हवा पोचत नाही, त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपातच राहते, मातीच्या कणांना धरून बसते आणि मुळे त्याच्याकडे सरकत जातात. डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत हेच चौथे सूत्र आहे. लावणीच्या दोरावर १५ आणि २५ सेंमी अंतराच्या खुणा आलटून पालटून करायच्या, ओळींमध्येही तोच क्रम ठेवायचा, प्रत्येक चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपे लावायची आणि १५ सेंमीच्या चौकोनातील चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट लावणीच्याच दिवशी हाताने खोचायची. हेक्टरी ६२,५०० म्हणजे सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. तुमच्या वीस गुंठ्यांना साधारण साडेबारा हजार, म्हणजे ३४ किलो पुरतील. यातून नत्र आणि स्फुरद मिळते, पालाश मात्र वेगळे द्यावे लागते.

उत्तर: भरडवाला, कुडाळ

वरील माहिती योग्य आहे, परंतु ती मळ्याच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या, जमिनीची आहे. माझे एक खाचर कातळाच्या उतरणीला असून त्यात कितीही चिखलणी केली तरी सकाळी भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत जिरून जाते. अशा जमिनीत खोल पुरलेले नत्र पाण्याबरोबर मुळांच्याही खाली निघून जाते, आणि मग ब्रिकेटचा खटाटोप वाया जातो. त्या खाचरात मी थोडा थोडा युरिया तीन हप्त्यांत, पाणी कमी करून देतो आणि लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला तीसेक किलो गाडतो. पाला कुजत जातो तसे नत्र सुटत राहते. सावकाश लागू होणारे खत म्हणायचे तर कोकणात तेच सर्वांत जुने आणि फुकटचे.

गंधकाच्या आवरणाचा युरिया २०२३ मध्ये बाजारात आला. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. गंधकाची उणीव असलेल्या जमिनीत तो घ्यावा, पण आधी माती तपासून घ्यावी, कारण गंधकापासून आम्ल तयार होते आणि आपली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी आहे. शिवाय दाणा आवरणाचा असला तरी पाणी बांधावरून गेले की तोही वाहून जाऊ शकतो.

खाचरवाला, राजापूर

दोघांचेही आभार. माझे खाचर वहाळाकाठचे आहे आणि त्यात पाणी चार-पाच दिवस सहज टिकते, तेव्हा ब्रिकेट घेण्याचे ठरवत आहे. फक्त साडेबारा हजार गोळ्या खोचायला सहा माणसांना किती दिवस लागतील, याची धास्ती वाटते.

उत्तर: मळेकरी, रोहा

पाणी टिकत असेल तर निःशंकपणे करा. गोळ्या खोचण्यापेक्षा दोर धरून लावणी करण्याची सवय होण्यातच अधिक वेळ जातो, असा माझा अनुभव आहे. पहिल्या दिवशी गडी कुरकुरतात, कारण अंदाजाने लावण्याचा त्यांचा हात वेगवान असतो. निम्म्या माणसांनी लावत पुढे जावे आणि उरलेल्यांनी मागून गोळ्या खोचाव्यात, म्हणजे त्याच चिखलात पुन्हा उतरावे लागत नाही. त्या वेळी पाणी चिखलाच्या पातळीला ठेवा आणि गोळी खोचली की बोटाने भोक बुजवा, नाहीतर ती वरच विरघळते आणि फेकलेल्या युरियाहून वेगळे काही होत नाही. पुढे बेणणीच्या वेळी २५ सेंमीच्या मोकळ्या पट्ट्यातूनच चालावे, गोळीच्या चौकोनात पाय पडू देऊ नये. आणि ब्रिकेट फार आधी आणून ठेवू नका. जूनच्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी आमच्या पडवीत दोन दिवसांत पाझरली होती.

खाचरवाला, राजापूर

मग आवण (लावणीची रोपे) तयार झाल्यावरच, लावणीच्या आदल्या दिवशी, पिशव्या आणतो. दोरावर खुणा करायला आजच बसतो.