घरात फ्लू शिरलाय आणि बाबांना डायबेटिस आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. मुलाची टेस्ट केली तर इन्फ्लुएन्झा ए निघाला. त्याचं ठीक चाललंय, ताप आहे, कुरकुर आहे पण पाणी पितोय. खरी काळजी बाबांची वाटतेय. वय ७२, डायबेटिस, त्यात जुना दमा, आणि सकाळपासून नुसते पडून आहेत, ताप म्हणाल तर ९९ च्या आसपास, खोकला थोडासाच, पण जेवण नको बोलणं नको, बाथरूमला गेले तेही भिंत धरत धरत. म्हणतात साधी सर्दी आहे, मागच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात त्याच घेतो. मला पटत नाहीये. ताप वाढेपर्यंत थांबू की आत्ताच नेऊ? यंदाची लस राहिलीय त्यांची, ती आता दिली तर उपयोग होईल का?

प्रतिसाद १:
ताई, थांबू नका, आजच न्या. या वयात फ्लूमध्ये बऱ्याचदा ताप चढतच नाही, माणूस असा गळून जातो. गेल्या गेल्या डॉक्टरांना सांगा की घरात पॉझिटिव्ह पेशंट आहे आणि यांना डायबेटिस, दमा आहे, कारण ओसेल्टामिविर (फ्लूच्या व्हायरसवरचं औषध) लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत चालू केलं तर सगळ्यात जास्त फायदा, आणि अशा पेशंटला रिपोर्टची वाट न बघताही देतात. उरलेल्या गोळ्या अजिबात देऊ नका, अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, हा व्हायरस आहे. पुढे न्यूमोनिया झालाच तर लागेल पण ते डॉक्टर ठरवतील. शुगर सारखी बघत राहा, आजारपणात वर जाते, आणि पोटात काही नसताना डायबेटिसच्या गोळ्या चालू राहिल्या तर एकदम खालीही येते, तेही विचारून घ्या. श्वास लागला, ओठ निळसर दिसले, असंबद्ध बोलायला लागले तर सरळ इमर्जन्सी. बरं वाटून परत ताप आला तरी दाखवायचंच.
लस आत्ताच्या आजारावर नाही चालणार, तिचा असर यायला साधारण २ आठवडे लागतात. पण बरे झाले की द्या, फ्लूचे दुसरे प्रकारही फिरत असतात. आणि हो, मुलाला ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे.

धागाकर्ती:
खूप आभार, निघतोच आहोत. गोळ्या काढून घेतल्यात त्यांच्याकडून. दोघांचं मीच करतेय, मास्क लावून खिडक्या उघड्या ठेवल्यात, मुलाला वेगळ्या खोलीत किती दिवस ठेवू?

प्रतिसाद १:
लहान मुलं आठवडाभर, कधी जास्तही पसरवतात. तोवर आजोबांजवळ झोपवू नका.