विमानाचं तिकीट स्वस्त झालं म्हणता? पूर्ण बिल बघा

लोहगावकर
परवा पुणे–नागपूर तिकीट काढायला बसलो. भाडं ठीक वाटलं म्हणून पुढे गेलो, तर सीटांचा नकाशा उघडला आणि जवळपास प्रत्येक सीटवर एक आकडा. फुकटात उरल्या त्या मागच्या रांगांतल्या मधल्या, त्याही आम्हा नवरा-बायकोला दोन टोकांना. 'सीट न निवडता पुढे जा' हे इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा पुसावा लागला. पंधरा किलोच्या वर सामान गेलं की वेगळे पैसे, खाण्याचे वेगळे. सरकारी इंडियन एअरलाइन्सच्या काळात साध्या वर्गालाही 20 किलो सामान होतं, जेवण होतं, आणि उड्डाणाआधी ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरायचा. आता प्रवासी म्हणजे पोतं. उचला, कोंबा, उतरवा.

वऱ्हाडी_ठेचा
काका, त्या ट्रेपर्यंत पोचायचे किती जण? 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर कितीतरी वर्षं सरकारी कंपनीशिवाय पर्यायच नव्हता. तो कायदा 1994 ला रद्द झाला आणि 2003 मध्ये स्वस्त भाड्याची एअर डेक्कन आली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांनी विमानाच्या भाड्याची चौकशी करायची हिंमत केली. माझी आई सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसली. पिशवीत धपाटे आणि कोरडी चटणी. जेवणाचे पैसे तिला का लावायचे? तुमचा कापूस काही फुकट नव्हता, तो तिकिटातच धरलेला असायचा.

कार्बन_कॉपी
मी फोर्टात ट्रॅव्हल एजन्सीत होतो. त्या काळाबद्दल इतकं हळवं होऊ नका. तिकीट म्हणजे हाताने भरायची वही, खाली लाल कार्बन. हरवलं की गिऱ्हाईक रडकुंडीला. परदेशाहून परतीची सीट 72 तास आधी रीकन्फर्म केली नाही, म्हणजे येतोय असं पुन्हा कळवलं नाही, तर ती जायची. संप झाला की सगळा देश जमिनीवर, कारण दुसरं विमान कुणाचं? एक मात्र होतं: भाडं ठरलेलं असायचं. सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, तेच.

लोहगावकर
माझा मुद्दा तोच आहे. कोविडमध्ये, मे 2020 ला, सरकारने भाड्याला खालची-वरची मर्यादा घातली आणि ऑगस्ट 2022 अखेर काढली. मग डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांवरून हजारो उड्डाणं रद्द झाली, भाडी आभाळाला भिडली आणि पुन्हा कमाल भाडं ठरवावं लागलं, 500 किमीपर्यंत 7,500 रुपये. म्हणजे लोकांचे हाल झाल्यावरच जाग येते. दिवाळीत नागपूरला जाणाऱ्याचे हाल दिसत नाहीत का?

वऱ्हाडी_ठेचा
कायमची मर्यादा घातली तर उडवणार कोण? किंगफिशर 2012 ला बसली, जेट 2019 ला, गो फर्स्ट 2023 ला. कंपन्या कमी झाल्या की भाडं वाढतं, त्यावर उपाय आणखी कंपन्या हाच. सरकारी दरपत्रक नव्हे.

मधली_सीट
दोघंही भाड्यालाच चिकटलात. भाड्याला हात न लावता बाकीच्या लुबाडणुकीला चाप बसतो की. काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे वेगळे पैसे घ्यायचे, ते मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये बंद केलं. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, सांगितलं की एकाच पीएनआरवरच्या 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारची सीट द्यायचीच. त्याआधी आईबाप पोराजवळ बसायचेही पैसे भरत होते. कुठली कंपनी त्या नियमाने बुडाली?

लोहगावकर
मग म्हाताऱ्यांना तोच नियम का नको? हिला ऐकू कमी येतं. घोषणा झाली की माझ्याकडे बघते. ती सव्वीसाव्या रांगेत, मी नवव्या.

वऱ्हाडी_ठेचा
हे पटलं. पण काउंटरवर लवकर जाऊन सांगितलं तर बहुतेक वेळा बदलून देतात.

लोहगावकर
ते 'बहुतेक वेळा'च मला नको आहे.