तेलाचे गुप्त रिपोर्ट दिल्लीत, आन आपल्याला भाव कळतो पंपावर गेल्यावर. त्यातला थोडा भाग लोकांसाठी उघड करायला काय हरकत?

गोदाकाठ_गंगाखेड
राम राम मंडळी. तिकडं आखातात काही झालं की टीव्हीवाले नकाशा लावून बसतात आन इकडं ग्रुपवर "टाकी फुल करून घ्या" सुरू होतं. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं रॉ आहे, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं ऑफिस आहे, तेहरान, रियाध, मॉस्को सगळीकडं दूतावास आहेत, हे लोक वर लिहून पाठवतच असणार ना की कुठं काय पेटणार आन त्यानं तेलाचं काय होईल. देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, असा रिपोर्ट नसेल तरच नवल. मग त्यातला गुपित नसलेला भाग दर तीन महिन्याला दोन पानात मराठीत-हिंदीत काढला तर कुणाचं काय जातं? अमेरिकेत गुप्तचर संस्थांचा वार्षिक धोका अहवाल उघड निघतो, त्यांचे प्रमुख खासदारांसमोर बसून उत्तरं देतात. आपल्याकडं काय आहे?

आन उघड सांगितल्यानं आभाळ कोसळत नाही हे २०२२ ला दिसलं. रशिया युक्रेनमध्ये घुसणार हे अमेरिका महिनोन्‌महिने जाहीर सांगत होती, त्यांच्या गुप्तचर संस्थेचे, सीआयएचे प्रमुख बर्न्स नोव्हेंबर २०२१ मध्ये मॉस्कोला जाऊन तोंडावर बोलून आले. ज्यांनी मनावर घेतलं नाही त्यात जर्मनी, त्यांच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख हल्ला झाला त्या दिवशी कीवमध्येच होता, त्याला गाडीनं बाहेर काढावं लागलं. मार्चमध्ये कच्चं तेल बॅरलला १३९ डॉलरवर टेकलं. खरिपाच्या तोंडावर आपल्याला एवढं जरी कोणी नीट सांगितलं असतं तर ट्रॅक्टरवाल्याशी नांगरटीचा भाव आधीच ठरवून ठेवला असता की नाही?

पंपावरचा_मानवत
दादा तुमी सांगा म्हणायलात, सांगून बघा एकदा. जानेवारी २०२४ ची पहिली-दुसरी तारीख आठवा. हिट अँड रनच्या कायद्यावरून मनमाडच्या पानेवाडी डेपोचे टँकर ड्रायव्हर संपावर गेले, बातमी फक्त एवढीच. युद्ध नाही, भाववाढ नाही, तेल डेपोत भरलेलं होतं. संभाजीनगरला रात्री बारापर्यंत रांगा, आमच्याकडं लोक कॅन, बाटल्या, दुधाच्या किटल्या घेऊन उभे. जो माणूस १०० रुपयाचं टाकतो त्यानं टाकी फुल केली आन दोन दिवसाचा माल पाच तासात गेला. आता विचार करा, सरकारी शिक्क्याचं पान निघालंय की "पुढल्या तिमाहीत इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढण्याची शक्यता". जगातल्या तेलाच्या वापरातला पाचवा हिस्सा तिथून जातो हे आता शाळेतल्या पोरालाबी माहीत झालंय. तुमचं दोन पान वाचायच्या आत आमच्या टाक्या कोरड्या होतील आन शिव्या आमाला.

डाळमिल_लातूर
पंपवाल्या भाऊंचं बरोबर, पण मला मूळ गोष्टच पटत नाही. गुप्तचर लोकांना तेलाचा भाव कळतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांचा रेकॉर्ड बघा जरा. एप्रिल १९७७, सीआयएनं अहवाल काढला की सोव्हिएत युनियनचं तेल आता आटत जाणार, १९८५ पर्यंत त्यांनाच बाहेरून घ्यायची पाळी येईल. आणि हा अहवाल गुप्त ठेवलाच नाही, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर साहेबांनी स्वतः जाहीर केला, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच केलं. झालं काय? सोव्हिएत उत्पादन वाढतच गेलं, ऐंशीच्या दशकात दिवसाला १.२ कोटी बॅरल, आणि १९८६ ला तर जगभर भाव कोसळून १० डॉलरच्या आसपास आला. दुसरं, ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएनंच लिहिलं की इराणमध्ये क्रांतीसारखी परिस्थिती नाही, क्रांतीच्या आधीची पण नाही. जानेवारी १९७९ मध्ये इराणचे राजे शहा विमानात बसून देश सोडून गेले आणि तेल वर्ष-दीड वर्षात दुपटीच्या पुढं. अब्जावधी डॉलर खर्च करणाऱ्यांची ही गत.

आणि समजा युद्धाचा अंदाज अगदी बरोबर आला, तरी भाव कुठं जाईल ते सांगता येतं का? १७ जानेवारी १९९१, अमेरिकेनं इराकवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली, सगळ्यांना वाटलं आता तेल भडकणार, तर एका दिवसात भाव तिसऱ्या हिश्श्यानं खाली. जून २०२५ ला तेच. इराणनं कतारमधल्या अमेरिकेच्या तळावर मिसाईल सोडले त्याच दिवशी तेल सात टक्के पडलं. बाजारानं भीती आधीच भावात धरलेली असते, मग प्रत्यक्षात कमी वाईट झालं की उतरतो. तुरीच्या सौद्यात आम्ही रोज हेच बघतो, त्यासाठी रॉ लागत नाही.

गोदाकाठ_गंगाखेड
शेठ, तुमच्या आडतीत माहिती तुम्हाला आधी मिळते म्हणून तुम्हाला रिपोर्टची गरज वाटत नाही हो. शेतकऱ्याचं तसं नाही.

डाळमिल_लातूर
हे काय नवीन नाही, प्रत्येक धाग्यावर शेवटी आडत्याच सापडतो.

जुना_फौजी_हिंगोली
मी वर्दीत होतो म्हणून एवढंच सांगतो, रिपोर्टमधला निष्कर्ष जरी छापला तरी समोरचा त्यावरून उलटा हिशोब लावतो की ही गोष्ट ह्यांना कळली कुठून. मग तो माणूस, ते फोन, ती वाट बंद. गुपित असणारा आणि नसणारा भाग असं कात्रीनं कापता येत नाही. दुसरी गोष्ट, नेत्यांकडं कागद कमी पडतात असं नसतं. २६/११ च्या आधी समुद्रातून हल्ल्याचे इशारे होते हे नंतर सगळ्यांसमोर आलं, आपल्या चाकूरचे शिवराज पाटील गृहमंत्री होते, त्यांना राजीनामा द्यावा लागला. कागद होते, पण शंभर इशाऱ्यातला कोणता खरा हे त्या दिवशी कळायला पाहिजे आणि त्यावर बोट, बंदूक, माणूस हलायला पाहिजे. तेलाचं पण तसंच.

अंबाजोगाईची_लेक
सगळे पुरुष मंडळी जागतिक राजकारणावर लई बोलायले, आता घरातलं बोला. १६ जून २०१७ पासून पेट्रोल-डिझेलचा भाव रोज बदलणार असं ठरलं ना? मग नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ भाव १३७ दिवस जागचा हलला नाही. त्याच काळात कच्चं तेल १३९ ला जाऊन आलं. का नाही हलला, कारण यूपीची निवडणूक. मतमोजणी झाली आन दोन आठवड्याच्या आत रोज ८० पैसे सुरू. पुढं रशियाचं स्वस्त तेल यायला लागलं, आपल्या आयातीत २ टक्क्याच्या आत असलेला रशिया तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला, तेव्हा पंपावर किती उतरलं? मे २०२२ ला केंद्रानं एक्साईज कमी केली, त्यानंतर मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या आधी २ रुपये. गोदाकाठ दादा, तुम्हाला डिझेलचा अंदाज पाहिजे असेल तर निवडणूक आयोगाचं कॅलेंडर बघा, ते उघडच आहे.

पंपावरचा_मानवत
हे मात्र खरं बोललात ताई. आन वरून परभणीचं दुखणं वेगळं, माल मनमाडवरून तीनशे किलोमीटर येतो, त्याचं भाडं भावात. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून दर वेळी आपलंच नाव टीव्हीवर. त्याचा इराणशी काय संबंध?

गोदाकाठ_गंगाखेड
ताई, निवडणुकीत भाव दाबता येतो तो कशाच्या जोरावर? पुढं काय होणार ह्याचा अंदाज वर बसलेल्यांना असतो म्हणूनच ना. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तेल मातीमोल झालं तेव्हा सरकारनं विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भुयारी साठ्यात तेल भरून घेतलं, ५३.३ लाख टनाची जागा आहे तिथं. चांगलं केलं, देशाचे पैसे वाचले. पण मे २०२० मध्येच डिझेलवर १३ रुपये एक्साईज वाढवली, म्हणजे स्वस्ताईचा फायदा वरच्या वर गेला. माझं तेवढंच म्हणणं आहे की त्यांना माहिती, आपल्याला बिल.

डाळमिल_लातूर
भुयारं भरायला गुप्तहेर कशाला, भाव पेपरात छापून येत होता. आणि ते साठे साडेनऊ दिवसाचेच आहेत, त्यावर भांडा की. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था १९७३-७४ च्या तेलसंकटातून निघाली, तिच्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या आयातीएवढा साठा ठेवावा लागतो. रिपोर्ट चुकला तरी साठा उपयोगी पडतो.

खताचं_दुकान_सेलू
उशिरा आले, दुकानात गर्दी होती. माझं मत दोघांच्याही मधलं नाही, वेगळंच आहे. डिझेलचा इशारा देऊ नका, पंपवाल्या दादांचं बरोबर आहे, डिझेलला पर्याय नाही म्हणून इशारा दिला की माणूस फक्त साठा करतो. पण लाल समुद्राचं बघा. येमेनच्या हुती बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर हल्ले सुरू केले, डीएपी खत आणणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, हजारो किलोमीटर जास्त. चीननं पण फॉस्फेटची निर्यात आवळलेली. हे दिल्लीत कुणाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. आणि आम्हाला कधी कळलं? २०२४ च्या हरभऱ्याच्या पेरणीला, खताची मालगाडी (रेक) लागेना, लोक दुकानासमोर उभे, आणि जो माल आला त्याच्यासोबत लिंकिंग, नको असलेलं दुसरं खत गळ्यात. मला तेलाचा भाव नको, कोणत्या देशात कोण सरकार पाडणार ते नको. फक्त ऑगस्टमध्ये सांगा की ह्या रब्बीला डीएपी कमी पडणार. सिंगल सुपर फॉस्फेट आणि थोडा युरिया, नाहीतर २०:२०:०:१३, ह्याच्यावर हरभरा निघतो, माणूस मन तयार करतो, मी पण तसा माल मागवते. त्यात कुणाचा गुप्तहेर उघडा पडतो, फौजी काका?

जुना_फौजी_हिंगोली
नाही पडत. जहाजं कुठून चालली ते तर सगळ्यांनाच दिसतं.

पंपावरचा_मानवत
पण ताई, ऑगस्टमध्ये डीएपी कमी पडणार असं छापलं असतं तर तुमच्या दुकानात सप्टेंबरला एक तरी गोणी राहिली असती का?

खताचं_दुकान_सेलू
नसती राहिली. पण सगळ्या गावासमोर, लाइनीत गेली असती. नोव्हेंबरला ज्याचा फोन आला त्याच्याकडं गेली, फोन कुणाकुणाचे होते ते इथं लिहिलं तर माझं लायसन जाईल.

अंबाजोगाईची_लेक
घ्या गोदाकाठ दादा, तुमचा गुप्त रिपोर्ट सेलूतच आहे.

डाळमिल_लातूर
ताई, २०:२०:०:१३ ची गोणी सध्या काय भाव चाललीय तिकडं? आमच्याकडं लिंकिंगशिवाय मिळेना.